उमेदवारी आणि वेठ : पदवीनंतरच्या कमी दर्जाच्या नोकरीविषयी

पदवीच्या मानाने कमी असलेली नोकरी पत्करावी की मनाजोगती मिळेपर्यंत थांबावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील पदवीधरांच्या घरांत निकाल लागल्यापासून वर्षभराच्या आत बहुधा उपस्थित होतोच. परंतु तो ज्या शब्दांत विचारला जातो, त्या शब्दांतच त्याचे उत्तर अवघड करणारी एक गफलत दडलेली असते. ‘कमी’ हे विशेषण येथे एकाच वेळी वेतनाला, पदासाठी लागणाऱ्या शैक्षणिक अर्हतेला, कामातून मिळणाऱ्या शिक्षणाला आणि समाजातील प्रतिष्ठेला लावले जाते, आणि या चारही गोष्टी एकमेकींबरोबरच वर-खाली होतात असे गृहीत धरले जाते, जे वस्तुस्थितीला धरून नाही. २०२४ साली महाराष्ट्र पोलीस दलातील सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. शिपाईपदासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असताना अर्जदारांत अभियांत्रिकीचे आणि व्यवस्थापनाचे पदवीधरही होते. अर्हतेच्या मोजपट्टीवर ही नोकरी त्यांच्यासाठी निश्चितच कमी ठरते. पण सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत २१,७०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होणारी आणि वर भत्ते, रजा व कायमपणा देणारी ही नोकरी, एखाद्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी ‘ट्रेनी इंजिनिअर’च्या नोकरीपेक्षा वेतनाच्या मोजपट्टीवर बरीच वर असते, आणि लग्नाच्या बाजारात तर तिची तुलनाच होत नाही. म्हणून निर्णयाला बसण्यापूर्वी समोरची नोकरी नेमकी कोणत्या बाबतीत कमी आहे, हे वेगवेगळे मांडून पाहणे आवश्यक ठरते.

अर्थशास्त्रात या स्थितीसाठी ‘न्यून रोजगार’ ही संज्ञा वापरली जाते. माणसाला काम आहे, पण ते त्याच्या वेळेचा, कौशल्याचा किंवा शिक्षणाचा पुरेसा वापर करून घेत नाही, असा तिचा अर्थ. आणि त्यातही कामाला लागते त्यापेक्षा अधिक शिक्षण कामगाराकडे असेल, तर त्या विशिष्ट प्रकाराला ‘अतिअर्हता’ म्हणतात. याच्या शेजारी आणखी एक संज्ञा ठेवावी लागते, ती म्हणजे ‘किमान स्वीकार्य वेतन’, अर्थात ज्याच्या खाली माणूस काम करण्यापेक्षा थांबणे पसंत करतो ती रक्कम. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते केवळ ३.४ टक्के होते. शिक्षणामुळे माणूस निरुपयोगी होतो, असा याचा अर्थ काढणारे पारावर आणि वर्तमानपत्रांत दोन्हीकडे भेटतात. पण खरे कारण अधिक साधे आहे. ज्याच्या घरात उद्याच्या जेवणाची सोय आजच्या मजुरीवर अवलंबून असते, त्याला बेरोजगार राहणे परवडतच नाही आणि तो मिळेल ते काम उचलतो. पदवीधराच्या मागे मात्र वडिलांचे निवृत्तिवेतन, चार एकर बागायत किंवा नोकरीला लागलेली मोठी बहीण असते, आणि त्याच्या थांबण्याचा खर्च ते घर सोसत असते. थांबणे फुकट नसते. त्याचे बिल दुसऱ्या कुणाच्या नावे फाटते, एवढेच.

आता थांबण्याने आणि न थांबण्याने पुढे काय घडते, याविषयी परदेशांत बरेच काटेकोर संशोधन झालेले आहे, आणि ते एकाच बाजूने बोलत नाही. लिसा कान यांनी १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या अमेरिकी तरुणांचा मागोवा घेऊन २०१० साली असे दाखवले, की मंदीच्या वर्षी पदवी घेण्याचे दुर्दैव ज्यांच्या वाट्याला आले, त्यांचे वेतन पुढे पंधरा वर्षांपर्यंत इतरांच्या मागे राहिले. ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांनी कॅनडातील पदवीधरांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीचा हा तोटा सुमारे नऊ टक्के असल्याचे आणि तो भरून येण्यास जवळपास दहा वर्षे लागल्याचे दिसले. परंतु त्यातील अधिक उपयोगी निष्कर्ष असा, की ज्यांचा तोटा भरून आला, त्यांचा तो मुख्यतः नोकरी बदलून, म्हणजे लहान व कमी पगाराच्या संस्थेतून क्रमाने बऱ्या संस्थेत जाऊन भरून आला. या दीर्घकाळ टिकणाऱ्या तोट्याला अर्थशास्त्रज्ञ ‘व्रण’ म्हणतात. जखम बुजते, वण राहतो, या अर्थाने ती उपमा योग्य आहे, आणि वण किती राहील हे जखमेपेक्षा पुढच्या हालचालीवर अवलंबून असते, हे कॅनडाच्या अभ्यासातून लक्षात येते.

बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतातील तरुणांवर बार्ट, कॉक्स व वेरहास्ट या तिघांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचा प्रश्नच मुळी असा होता, की शिक्षणाच्या मानाने कमी असलेली पहिली नोकरी ही पायरी ठरते की सापळा. त्यांचे उत्तर सापळ्याच्या बाजूने पडले. अशी नोकरी पत्करणाऱ्यांची योग्य नोकरीकडे जाण्याची मासिक शक्यता, शोध चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यांना आढळले. याउलट क्रॉफ्ट, लांगे व नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेत हजारो बनावट अर्ज पाठवून केलेल्या आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, बेकारीचा काळ जसजसा वाढतो तसतशी मुलाखतीची बोलावणी कमी होतात, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते, असे दिसले. बेकार राहिले तरी तोटा आणि कमी नोकरी धरली तरी तोटा, असा हा पेच वाटतो. तो सुटतो तो ‘संकेत’ या कल्पनेने. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेल्या आणि पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकासाठी कारण ठरलेल्या या कल्पनेनुसार, अर्जदाराची खरी कुवत मालकाला थेट दिसत नसल्यामुळे तो दिसणाऱ्या खुणांवरून, म्हणजे पदवी, गुण, आधीची नोकरी, मधला खंड यांवरून तिचा अंदाज बांधतो. रिकामे वर्ष ही एक खूण असते, आणि विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या कामात घालवलेली तीन वर्षे ही त्याहून ठळक खूण असते. तिसरी शक्यता गॅलॉर व सिचरमन यांच्या १९९० च्या मांडणीत आहे. त्यांच्या मते शिक्षणाच्या मानाने कमी असलेली नोकरी पत्करणे पूर्णपणे शहाणपणाचे असू शकते, मात्र त्या नोकरीतून वर चढण्याची शक्यता शिक्षणाच्या योग्य अशा इतर नोकऱ्यांपेक्षा अधिक असेल तरच. हे सारे अभ्यास परक्या देशांतील आहेत आणि तेथील आकडे येथे जसेच्या तसे लावणे चूक होईल. परंतु त्यांतून निघणारी कसोटी येथेही लागू पडते, ती अशी, की नोकरी किती कमी आहे यापेक्षा ती कोणत्या रस्त्यावर आहे, हे आधी पाहावे.

मराठीत या भेदासाठी जुना आणि नेमका शब्द आहे. आज ‘उमेदवार’ म्हटले की निवडणूक किंवा परीक्षा आठवते. पण पूर्वी कचेरीत, पेढीवर, छापखान्यात किंवा वकिलाच्या हाताखाली पुढे कायम होण्याच्या आशेने अल्प वेतनावर, प्रसंगी विनावेतनही, काम शिकत राहणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि त्या काळाला उमेदवारी. उमेदवारीला तीन गोष्टी गृहीत असत: शिकवणारा कुणी तरी, शिकण्याची ठरावीक मुदत, आणि मुदतीच्या शेवटी जाण्याचे एक ठिकाण. या तिन्हींपैकी एकही नसताना केलेल्या कामाला वेठ म्हणावे लागते, मग तिचा पगार कितीही असो. हा शब्द वेतनाला लागत नाही, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. चांगल्या पगाराचीही वेठ असते, आणि ती सुटायला अधिक अवघड असते.

शिक्षणक्षेत्रातील दोन उदाहरणांवरून हा फरक स्पष्ट होतो. शिक्षणसेवक ही योजना महाराष्ट्रात २००० सालापासून आहे. तीत नवा शिक्षक तीन वर्षे नियमित वेतनश्रेणीऐवजी मानधनावर काम करतो. हे मानधन वर्षानुवर्षे प्राथमिकसाठी ६ हजार, माध्यमिकसाठी ८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी ९ हजार रुपये इतके लाजिरवाणे होते, आणि जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६, १८ व २० हजार झाले. योजनेवर टीका करण्यास पुष्कळ जागा आहे, तरीही तिला मुदत आहे आणि मुदतीअंती नियमित श्रेणी आहे, म्हणून बी.एड. पदवीधराने ती नाकारणे सहसा शहाणपणाचे नसते. याच्या उलट टोकाला महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापक असतो. सेट-नेट उत्तीर्ण, कित्येकदा पीएच.डी. झालेला हा माणूस घेतलेल्या तासांवर पैसे मिळवतो, सुट्टीच्या महिन्यांत काहीच मिळवत नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने उमेदवार होतो. प्रतिष्ठेच्या मोजपट्टीवर त्याला ‘सर’ म्हटले जाते, पण त्या हाकेपलीकडे मुदत किंवा ठिकाण असे काही त्याच्या हाती नसते. विनाअनुदानित शाळांत अनुदानाच्या २०, ४०, ६० टक्के अशा टप्प्यांची वाट पाहत काढलेली वर्षे याच जातीची. अशा जागा पत्कराव्यात की नाहीत, याचे उत्तर वयावर ठेवणे बरे. पंचविसाव्या वर्षी दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव म्हणून तासिका घेण्यात काही वावगे नाही. पण तिसऱ्या वर्षाच्या आरंभी दुसरा मार्ग ठरलेला नसेल, तर चौथे आणि आठवे वर्ष आपोआप येतात.

सरकारी प्रशिक्षण योजनांकडेही याच दृष्टीने पाहावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने (या कायद्याच्या नावात तो जुना शब्द अजून जिवंत आहे) शिकाऊ उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले आहे, त्यामुळे कामगार कायद्यांचे बरेचसे संरक्षण त्याला मिळत नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेणे मालकावर बंधनकारक नाही. हे ठाऊक असूनही चांगल्या कारखान्यातील किंवा सार्वजनिक उपक्रमातील एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी पदविका व पदवीधारकाला मोलाची ठरते, कारण तिच्या अखेरीस मिळणारे प्रमाणपत्र आणि यंत्रावर घालवलेला वेळ या दोन्ही खुणा पुढच्या मालकाला वाचता येतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरले आणि मुदत सुरुवातीला ६ महिन्यांची होती, जी पुढे ५ महिन्यांनी वाढवण्यात आली. ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात बसून शासकीय कामकाज आतून पाहण्याची ही संधी आहे, आणि तेवढ्यापुरती ती घ्यावी. मात्र अनेक प्रशिक्षणार्थींनी कायम होण्याची मागणी करत आंदोलने केली, यावरून लोक मुदतीच्या कामाला ठिकाण समजून बसतात तेव्हा काय होते, हेही दिसते. दशकभरापूर्वी पुणे परिसरातील वाहनउद्योगात ‘नीम’ या नावाने आलेली प्रशिक्षणार्थी योजना आणखी बोलकी आहे. तीत प्रशिक्षणाच्या नावाखाली पदवीधर व पदविकाधारक असेंब्ली लाइनवर ऑपरेटरचे काम करत, भविष्यनिर्वाह निधी नाही, सेवाकाळ धरला जात नाही, आणि तीन वर्षांनी पुढच्या कंपनीच्या दारात पुन्हा प्रशिक्षणार्थी म्हणूनच उभे राहावे लागे. ती योजना पुढे गुंडाळली गेली. पण नाव बदलून तोच प्रकार कोणत्याही वसाहतीत आढळू शकतो, आणि ‘प्रशिक्षण’ हा शब्द ज्या पत्रात आहे त्यात काय, कुणाकडून आणि किती दिवसांत शिकवले जाणार हे लिहिलेले नसेल, तर तो शब्द वाचलाच नाही असे समजून निर्णय घ्यावा.

खासगी नोकऱ्यांमध्ये पगाराचा आकडा दिशाभूल करतो. रसायनशास्त्राच्या बी.एस्सी. पदवीधरासमोर तारापूर, महाड, लोटे-परशुराम किंवा कुरकुंभ येथील एखाद्या कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेची पाळीची नोकरी आणि शहरातील कॉल सेंटरची रात्रपाळी असे दोन पर्याय असतात असे धरले, तर सुरुवातीला कॉल सेंटर अधिक पैसे देते, वातानुकूलित असते आणि घरी ये-जा करायला गाडी पाठवते. परंतु प्रयोगशाळेत दोन वर्षांत जो एचपीएलसी, म्हणजे द्रव मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र, स्वतंत्रपणे चालवायला आणि त्याच्या नोंदी औषध-निर्मितीच्या नियमांनुसार ठेवायला शिकतो, त्याला पुढची नोकरी त्या यंत्राच्या नावावर मिळते. कॉल सेंटरमध्ये दोन वर्षांनी इंग्रजी सुधारते, जे खरोखर मूल्यवान आहे, पण ते सहा महिन्यांतच सुधारलेले असते आणि उरलेले दीड वर्ष त्याच संवादाची आवृत्ती असते. वाणिज्य शाखेत हाच प्रश्न सनदी लेखापालाच्या छोट्या कार्यालयातील सहायक आणि बँकेच्या विक्री विभागातील अधिकारी, असा येतो. दुसऱ्याच्या पदनामात ‘अधिकारी’ आहे, पगार अधिक आहे, पण काम खाती उघडून देण्याचे आणि विमा खपवण्याचे असून लक्ष्य दर महिन्याला शून्यापासून सुरू होते. पहिल्याच्या हाती टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि नोटिसांची उत्तरे येतात, आणि तीन वर्षांनी तो तालुक्याच्या गावी स्वतःचे टेबल मांडू शकतो. विक्रीची आवड असणाऱ्याने विक्रीच करावी, तीत चांगली माणसे पुष्कळ पुढे जातात. येथे बोलणे आहे ते आवड नसताना केवळ पदनामासाठी तिकडे वळणाऱ्यांविषयी. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांतील नवख्यांचे वार्षिक वेतन गेली दहा-बारा वर्षे तीन ते चार लाखांच्या आसपास रेंगाळले आहे, ही गोष्टही येथे नोंदवावी, कारण ‘योग्य’ समजली जाणारी नोकरीसुद्धा महागाई धरता दर वर्षी थोडी थोडी कमी होत आलेली असते.

वेतनाच्या आकड्याविषयी आणखी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. नेमणूकपत्रावर सीटीसी म्हणून जो आकडा असतो, तो कंपनीला त्या माणसावर पडणारा एकूण खर्च असतो, हातात येणारी रक्कम नव्हे. वार्षिक २ लाख ४० हजार सीटीसी म्हणजे दरमहा २० हजार असा हिशेब नवखा पदवीधर करतो. परंतु मूळ वेतन १५ हजार धरले, तर मालकाच्या वाट्याचे भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून धरलेले सुमारे ७२० रुपये आणि राज्य कामगार विम्यातील मालकाचा हिस्सा हे त्या २० हजारांतच मोजलेले असतात, त्यानंतर कामगाराच्या वाट्याचे पुन्हा १,८०० रुपये, विम्याचा स्वतःचा हिस्सा आणि पुरुष कामगाराच्या बाबतीत व्यवसाय कर वजा होतो, आणि हाती जेमतेम १५ हजार उरतात. एवढ्यात पिंपरी-चिंचवड किंवा ठाण्यात कॉटबेसिसवर राहणे, मेस आणि प्रवास भागवून घरी काही पाठवता येईल का, हा हिशेब कागदावर करावा. गावाजवळची १२ हजारांची नोकरी शहरातील १८ हजारांच्या नोकरीपेक्षा अधिक शिल्लक ठेवू शकते, पण शहरात दुसरी नोकरी दोन रस्ते पलीकडे असते आणि गावाजवळ ती नसते; या दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. शैक्षणिक कर्ज असेल तर निर्णयाची मोकळीक आणखी आक्रसते, कारण बँकांच्या प्रचलित योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाने हप्ता सुरू होतो आणि त्या वर्षातही व्याज चढतच असते. ज्याच्यावर असे कर्ज आहे त्याने, वर सांगितलेल्या साऱ्या कसोट्या बाजूला ठेवून, हप्ता भागवणारी नोकरी आधी धरणे रास्त आहे. थकलेल्या हप्त्यांची नोंद पतइतिहासात राहते आणि सहकर्जदार म्हणून वडिलांनाही चिकटते.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांच्यापुरता ‘थांबणे’ या क्रियापदाचा अर्थच बदललेला असतो. पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरात अभ्यासिकेची जागा, मेसचा डबा आणि टेस्ट सिरीज यांवर उभी असलेली एक संपूर्ण अर्थव्यवस्था आहे, आणि तीत शिरलेला पदवीधर स्वतःला बेरोजगार म्हणत नाही, तो ‘तयारी करतो’. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांची ४३ असल्यामुळे ही तयारी कायद्याने जवळपास अर्धे कमावते आयुष्य व्यापू शकते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला निदान खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न अशी भिंत आहे. वयोमर्यादा वाढवणे ही सवलत म्हणून मागितली गेली आणि दिली गेली. तिने किती जणांना अधिकारी केले यापेक्षा किती जणांना आणखी पाच वर्षे खोलीत ठेवले, हा हिशेब कधी तरी मांडला जायला हवा. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या थोड्या वर जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, हे प्रमाण ध्यानात घेतले तर कष्टाळू आणि हुशार उमेदवारही गणिताच्या नियमानेच मोठ्या संख्येने बाहेर राहणार हे उघड आहे. अशा उमेदवाराने पूर्णवेळ तयारीला दोन, फार तर तीन वर्षे द्यावीत, त्या काळात एकदाही पूर्वपरीक्षा ओलांडली नसेल तर मिळेल ती निश्चित वेळांची नोकरी धरून तयारी चालू ठेवावी, आणि या ठिकाणी मात्र कमी दर्जाची नोकरीच अधिक योग्य असते. लिपिक, पोलीस शिपाई, टपाल खात्यातील किंवा बँकेतील सहायक या जागा पदवीच्या मानाने खालच्या असल्या तरी संध्याकाळ, सुट्टी किंवा निदान पगारी रजा देतात, आणि अधिकारी झालेल्यांत अशा जागेवर राहून परीक्षा दिलेले थोडेथोडके नाहीत. घरच्यांना हे पटवणे अवघड जाते, कारण त्यांच्या लेखी मुलगा एकतर कलेक्टर होणार असतो किंवा वाया गेलेला असतो.

घरच्यांचा विषय निघाला आहे तर मुलींच्या बाबतीत वेगळ्याने लागू होणारी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. पदवीधर मुलीची कमी पगाराची नोकरी ‘तेवढ्यासाठी कशाला बाहेर जायचे’ या वाक्याने घरातच मोडीत निघते, आणि ‘लग्न ठरेपर्यंत’ या मुदतीवर धरलेली नोकरी लग्नानंतर गाव बदलताच सुटते. अशा वेळी पगाराचा आकडा दुय्यम मानून, जे काम दुसऱ्या गावीही त्याच नावाने मिळते ते निवडावे: लेखापालन, प्रयोगशाळा तंत्र, परिचर्या, प्रमाणपत्राच्या आधारे मिळणारे शालेय अध्यापन, संगणकीय लेखा, चाचणी व नोंदीची कामे. एका विशिष्ट दुकानाच्या किंवा संस्थेच्या अंतर्गत पद्धतीतच ज्याला किंमत आहे असा अनुभव गाव बदलताच शून्य होतो.

नोकरी पत्करण्याचे ठरल्यावर कागद नीट पाहावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी नेमणूकपत्र देणे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे; त्यामुळे ‘कंत्राटी’ आणि ‘ठरावीक मुदतीचा’ हे दोन शब्द एकच समजू नयेत, पहिल्यात मालक ठेकेदार असतो आणि दुसऱ्यात स्वतः कंपनी. बंधपत्र, ज्याला सर्वत्र बाँड म्हणतात, त्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत: एक म्हणजे त्यावर सही केली की माणूस बांधला गेला, आणि दुसरा म्हणजे न्यायालयात बाँड टिकतच नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ धंदा वा नोकरी करण्यावर घातलेले निर्बंध निरर्थक ठरवते, म्हणून सोडून गेल्यावर अमुक कंपनीत जाऊ नये ही अट सहसा टिकत नाही. पण नोकरी चालू असतानाची किमान मुदत आणि ती मोडल्यास द्यायची वाजवी भरपाई ही वेगळी बाब आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. म्हणून बाँडची रक्कम आणि मुदत वाचूनच सही करावी, आणि मूळ गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्र तारण म्हणून मागणाऱ्याकडे ती ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवून त्याच बैठकीत परत घ्यावीत.

शेवटचा भाग कमी नोकरीतून बाहेर पडण्याचा, आणि बहुतेक मार्गदर्शनात तो गाळला जातो. कॅनडाच्या अभ्यासात तोटा भरून आला तो हलणाऱ्यांचा, हे वर आलेच आहे. परंतु हलण्यासाठी लागणारी शक्ती बारा तासांच्या पाळीनंतर उरत नाही, आणि शोध ‘थोडे स्थिरावल्यावर’ सुरू करू असे म्हणणाऱ्याचा तो सुरूच होत नाही. म्हणून रुजू होतानाच सोडण्याचा, किंवा निदान फेरविचाराचा, महिना ठरवून घरात एका माणसाला सांगून ठेवावा. साधारण अठरा महिने हा काळ बऱ्याच क्षेत्रांत योग्य पडतो, कारण त्याआधी सोडल्यास चंचलपणाची खूण उमटते आणि त्यानंतर तेच काम ओळख बनू लागते. विषयाशी संबंध नसलेली नोकरी असेल तर हा काळ निम्मा धरावा आणि त्या अवधीत एखादे प्रमाणपत्र, एखादे संध्याकाळचे काम किंवा किमान जुन्या प्राध्यापकांशी व वर्गमित्रांशी येणे-जाणे टिकवून मूळ विषयाचा धागा हातात ठेवावा. चांगल्या जागांची बातमी जाहिरातीआधी बहुधा याच माणसांकडून कळते.

राजीनामा देताना सूचनेचा काळ पूर्ण करावा आणि कार्यमुक्तीचे पत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक पहिल्या नोकरीत मिळतो तोच पुढे चालतो. छोटी रक्कम म्हणून ती काढून घेण्याचा मोह होतो, पण निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा मोजताना ही कमी नोकरीची दोन वर्षेही धरली जातात, तेव्हा ती रक्कम नव्या मालकाकडे वळती करून घ्यावी. अनुभवपत्रात कंपन्या सहसा केवळ पदनाम आणि तारखा लिहून मोकळ्या होतात. तेथे आग्रह धरून प्रत्यक्ष केलेल्या कामाची दोन वाक्ये लिहवून घ्यावीत, कारण ‘कार्यालयीन सहायक’ एवढ्यावरून पुढच्या मुलाखतीत काहीच कळत नाही, आणि त्याच माणसाने वर्षभर तीनशे खात्यांची जीएसटी जुळवणी एकट्याने सांभाळली होती हे पत्रावर असले, तर त्याच्याविषयीचा पहिला प्रश्न पदनामाऐवजी त्या कामाविषयी येतो.